पोरापेक्षा बॅट मोठी

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे. ताटात चकली असावी आणि लेखात गोडवा असावा. तरीसुद्धा मी आज भांडणार आहे, कारण भांडणाचा विषय याच चार-पाच दिवसांत घरोघर येऊन पोचायचा आहे. हा अंक आपल्या हाती असेल तेव्हा ठाण्याला गोखले रोडवर, डोंबिवलीत फडके रोडच्या आसपास, कल्याणला शिवाजी चौकात पाय ठेवायला जागा नसेल. त्या गर्दीतून एखादा गृहस्थ एका हातात आकाशकंदील उंच धरून आणि दुसऱ्या काखोटीला एक लांबट वस्तू मारून घराकडे निघालेला असेल. त्याच्यामागून दहा-अकरा वर्षांचा मुलगा धावत असेल. ती लांबट वस्तू म्हणजे क्रिकेटची बॅट. ती त्या मुलाला पेलणार नाही, हे दुकानदाराला ठाऊक आहे. मुलाला ते दुकानातच कळले आहे. बापाला तुळशीचे लग्न लागेपर्यंत कळेल. माझे भांडण या बॅटीशी आहे, आणि बॅट बोलत नसल्यामुळे ती विकत घेणाराशी आहे.

क्रिकेटमध्ये मी कोणी मोठा नव्हे. शाळा-शाळांच्या सामन्यांत पंच म्हणून उन्हात उभे राहायचे, कधी धावा लिहायच्या वहीपाशी बसायचे, एवढीच माझी या खेळातली कामगिरी. पण पंचाला एक सोय असते. प्रेक्षकांना चेंडू दिसतो, बापाला मुलगा दिसतो, आणि स्क्वेअर लेगला उभ्या राहिलेल्या पंचाला बॅट दिसते. तिथून जे दिसते ते सांगतो.

बारा वर्षांखालचा सामना. पोरगे खेळपट्टीवर येते. हेल्मेट भुवयांपर्यंत उतरलेले असते, पॅड मांडीच्या वर आलेले असतात, आणि हातात मोठ्या माणसाची, पूर्ण मापाची बॅट असते. पवित्रा घ्यायला वाकले की दांड्याचे टोक पोटात खुपते, म्हणून पोरगे दांडा मधोमध धरते. म्हणजे दांड्याचा वरचा भाग कोपराला आडवा येतो. गोलंदाज धावत निघाला की बॅट मागे उचलायची असते. ती उचलली जात नाही, ओढली जाते, विहिरीतून भरलेली घागर ओढावी तशी. चेंडू येऊन जातो आणि मग बॅट येते. दुसऱ्या चेंडूला मुलगा सगळा जोर खालच्या हाताने लावतो, कारण वरच्या हाताच्यानं ते वजन हलतच नाही. आणि खालच्या हाताने जोर लावला की सरळ यायची बॅट कोयत्यासारखी आडवी फिरते. चेंडू पॅडवर बसतो. समोरचा पंच बोट वर करतो. मुलगा परत जाताना बॅट जमिनीवरून घासत नेतो. पाहणाऱ्यांना वाटते, केवढी ही मस्ती! अहो, मस्ती कसली, त्याला ती उचलवत नाही.

सीमेबाहेर बाप उभा असतो. सामना चालू असताना तो "सरळ खेळ, सरळ!" म्हणून ओरडत असतो. बाद झाल्यावर ओरडत नाही. मुलगा जवळ आला की तो हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, "चौदा हजारांची बॅट आणून दिली तुला."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. हे वाक्य मी कल्याणला ऐकले आहे, ठाण्याला ऐकले आहे, डोंबिवलीला तर इतक्यांदा ऐकले आहे की ते उच्चारले जाण्याआधी मला त्याची चाहूल लागते. आकडा बदलतो. पाच हजार असते, बावीस हजार असते, वाक्य तेच. चूक मोजमापाची, ती केली बापाने, आणि तिची भरपाई मागितली जाते ती त्या पोराकडे. पोराला काय कळते? त्याला एवढेच कळते की एवढी महागाची वस्तू असूनही आपल्याला खेळता येत नाही, त्याअर्थी दोष आपल्यातच असला पाहिजे. पुढल्या दिवाळीपर्यंत त्याचा पाय दुखू लागतो, क्लासची वेळ जुळेनाशी होते, आणि बॅट माळ्यावर जाते. मग घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते की, "त्याला क्रिकेटची आवडच नव्हती." साफ खोटे आहे हे. आवड होती. जो मुलगा सात वर्षांचा असताना जिन्याखाली लाटण्याने प्लास्टिकचा चेंडू मारीत तासन्‌तास खेळत होता, त्याला आवड नव्हती म्हणता?

मी बापांना विचारून पाहिले आहे, एवढी मोठी कशाला घेतली म्हणून. उत्तर ठरलेले. "काका, वाढत्या अंगाचा मुलगा. एकदाच मोठी घेतली की पुढची पाच वर्षे बघायला नको."

आता हे उत्तर मूर्खाचे नव्हे. हे आपल्या मध्यमवर्गाचे पिढीजात शहाणपण आहे, आणि त्याच शहाणपणावर आपली घरे उभी राहिली. गणवेश वाढत्या मापाचा शिवायचा, बूट मोठा घेऊन पुढे कापूस भरायचा, सायकल अशी घ्यायची की दोन वर्षे नळीखालून पाय घालून चालवावी लागेल. चाळीतल्या दोन खोल्यांत चार मुले वाढवणाऱ्यांनी याहून वेगळे काय करावे? पण गणवेश मोठा झाला तर आई आतून दुमड घालते. बॅटीला दुमड घालता येत नाही. काही जण सुताराकडे नेऊन दांडा करवतीने कापून आणतात, तोही उद्योग मी पाहिला आहे. त्याने दांडा आखूड होतो. खालच्या पात्याचे वजन होते तेवढेच राहते, आणि उचलताना ती पूर्वीपेक्षाही जड लागते.

शिवाय गणवेश मोठा असला म्हणून मुलाचे गणित बिघडत नाही. बॅट मोठी असली तर हात बिघडतो. दहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत हाताला जी सवय लागते ती पुढे जन्मभर पुरते. चौदाव्या वर्षी मुलगा त्या बॅटीच्या मापाचा होतो हे खरे. पण तोवर त्याच्या मनगटांनी पेलत नसलेली बॅट कशीबशी फिरवायची विद्या पक्की केलेली असते. बॅट अंगाला बसली आणि खेळ हातातून गेला, असा हा सौदा.

बॅटी मुलांच्या मापाच्या मिळत नाहीत असे थोडेच आहे? एक नंबरपासून सहा नंबरपर्यंत मिळतात, त्यावर हॅरो नावाचे एक मधले माप असते, आणि मग मोठ्यांची. बॅट पायाशी उभी धरली तर दांड्याचे टोक मांडी आणि कंबर यांच्या सांध्यापाशी यावे. आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाला ती एकट्या डाव्या हाताने खांद्याच्या रेषेत समोर धरून क्षणभर स्थिर ठेवता यावी. एवढीच परीक्षा. तिला पैसे पडत नाहीत, वेळ अर्ध्या मिनिटाचा लागतो. दुकानात ही परीक्षा घेतलेली मी फार क्वचित पाहिली. घेतली जाते ती दुसरीच: दुकानदार बॅटीवर चेंडू आपटून दाखवतो, "टक्" असा आवाज येतो, बापाचा चेहरा उजळतो. आवाज लाकडाचा असतो, पण बापाला तो टाळ्यांचा वाटतो.

लाकडाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण लुबाडणूक तिथे सुरू होते. बॅट ज्या झाडापासून करतात ते विलो. आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज म्हणून झाड असते, त्याच गोतावळ्यातले. उत्तम बॅट ज्या जातीच्या विलोची होते ती मुख्यतः इंग्लंडात वाढते. तिचे ओंडके मीरतला आणि जालंधरला येतात आणि तिथे त्यांच्या बॅटी होतात. दुसरी जात काश्मीरची, अनंतनाग-बिजबेहाड्याकडची. श्रीनगरच्या महामार्गाला लागून या बॅटींचे कारखाने आणि रचून ठेवलेल्या फळ्या दिसतात. काश्मिरी लाकूड जरा घट्ट आणि चिवट, इंग्रजी लाकूड मऊ आणि उसळी देणारे. काश्मिरी बॅट दोन-तीन हजारांत मिळते. इंग्रजी बॅट चांगली हवी तर दहा हजारांपासून सुरुवात, आणि पुढे तीस हजार, चाळीस हजार, जेवढी आपली हौस तेवढा तिचा भाव.

यातली मेख अशी की इंग्रजी बॅटीची जी प्रत ठरते, पहिली, दुसरी, तिसरी, ती बहुतेक दिसण्यावर ठरते. पात्यावरच्या उभ्या रेघा सरळ आणि सारख्या आहेत का, डाग नाहीत ना, रंग गोरा आहे ना. आपल्याकडे मुली बघायला जात तेव्हा याच परीक्षा घेत. डागाची बॅट कधी कधी बिनडागाच्या बॅटीपेक्षा बरी खेळते, हे बॅट करणारे कारागीरच सांगतात. पण घेणारा गोऱ्या रंगाचे पैसे देतो आणि मुलाला सांगतो की ही पहिल्या प्रतीची आहे. पहिल्या प्रतीची बॅट फार नाजूक असते. तिला आधी जवसाचे तेल पाजावे लागते, मग लाकडी हातोडीने तासन्‌तास हलके हलके ठोकून तयार करावे लागते, आणि तेवढे करूनही ती जन्मभर पुरेल असा कोणी शब्द देत नाही. आपल्या पावसाळ्यात ओल्या जमिनीवर तिचे टोक टेकले की पाणी पिऊन फुगते. अशी बॅट घेऊन पोरगे इमारतीखाली सिमेंटवर रबरी चेंडूने खेळायला उतरते! पैठणी नेसून धुणे धुवायला बसावे तसे हे आहे.

कोणी म्हणेल, सचिन तेंडुलकर लहानपणापासून जड बॅटीने खेळला, त्याचे काय? हा प्रश्न मला दर मोसमात विचारला जातो, आणि विचारणाराचा चेहरा असा असतो की आता पंच निरुत्तर झालाच. तेंडुलकरांची बॅट जड होती, तीन पौंडांच्या वर. पण त्यांना ती पेलत होती. याहून वेगळे उत्तर मजजवळ नाही, आणि लागतही नाही. भीमाने गदा घेतली म्हणून नकुलाच्या हाती ती देण्याचा वेडेपणा कुंतीने केला नाही. बरे, दाखलाच द्यायचा तर डॉन ब्रॅडमनचा का देत नाही? ऑस्ट्रेलियातल्या बाउरल गावी घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर हा मुलगा गोल्फचा चेंडू फेकायचा आणि वेडावाकडा परत येणारा तो चेंडू एका यष्टीने मारायचा. बॅटीने नव्हे, यष्टीने. पुढे कसोटी सामन्यांत त्याची सरासरी ९९.९४ झाली. यष्टी स्वस्त असते, पण कोणा बापाने मुलाला दिवाळीला यष्टी आणून दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ती चारचौघांत दाखवता येत नाही ना!

मोठी बॅट आणली म्हणजे खेळ मोठा होतो, हा भ्रम काही आपल्या डोंबिवलीत जन्मला नाही. १७७१ च्या सप्टेंबरात इंग्लंडात चर्ट्‌सी आणि हॅम्बल्डन या संघांच्या सामन्यात थॉमस व्हाइट नावाचे एक गृहस्थ चक्क यष्ट्यांच्या रुंदीएवढी बॅट घेऊन खेळायला आले. हॅम्बल्डनवाल्यांनी तक्रार केली आणि बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांपुढे जाता कामा नये असे ठरले. आज अडीचशे वर्षे झाली, तो सव्वाचार इंचांचा नियम अजून जागचा हललेला नाही. २०१७ साली एम.सी.सी.ने बॅटीच्या कडेच्या जाडीवरही मर्यादा घातली, ४० मिलिमीटरची. म्हणजे रुंदी झाली, जाडी झाली. बॅटीने काय करू नये याचे नियम झाले. बापाने काय करू नये याचा मात्र नियम अजून कोणी केलेला नाही.

तसे पाहता हे खूळ मुलांपुरते नाही. रात्री दहानंतर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याच्या बाजूला जाळी लावलेल्या दिव्यांच्या मैदानांवर चाळिशीतले गृहस्थ तासाचे पैसे भरून खेळतात. खेळू देत. त्यांच्या बॅटी पाहिल्या की मात्र हसू येते. आणि ज्यांचे त्याहून बरे चालले आहे ते खारघरला सिडकोच्या मैदानावर गोल्फ खेळायला जातात आणि तिथेही हाच प्रकार करतात. गोल्फमध्ये ब्लेड नावाच्या पातळ डोक्याच्या काठ्या असतात. चेंडू नेमका मध्यावर लागला तर अमृत, केसभर चुकला तर मनगटाला झिणझिण्या. त्या मुरलेल्या खेळाडूंच्या कामाच्या. नवशिके त्याच घेतात, कारण दूरदर्शनवर त्याच दिसतात; आणि सहा महिन्यांनी "फारशा वापरलेल्या नाहीत" अशी जाहिरात देऊन विकायला काढतात. या जाहिरातीइतके प्रामाणिक वाक्य त्यांनी त्या खेळात दुसरे काढलेले नसते.

पण गोल्फवाल्यांत एक शहाणा निघाला, आणि त्याची गोष्ट आपल्या बॅटवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. कार्स्टन सोल्हाइम त्याचे नाव. जन्म नॉर्वेतला, नोकरी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंजिनिअरची. हा चाळिशी उलटल्यावर गोल्फ शिकू लागला आणि याचा चेंडू काही केल्या भोकात जाईना. सामान्य माणसाने अधिक महागाची काठी आणली असती. याने विचार केला की आपला हात चुकणारच, तर चुकणाऱ्या हाताला सांभाळून घेणारी काठी कशी असेल? १९५९ साली त्याने काठीच्या डोक्यातले वजन मध्यातून काढून दोन्ही टोकांना नेले. मार जरा बाजूला बसला तरी डोके हातात वळेना. पुढे मोठ्या काठ्यांनाही त्याने हेच तत्त्व लावले, आणि कच्च्या खेळाडूंसाठी वेगळे सामान करण्याचा रस्ता गोल्फच्या धंद्याला सापडला. चुकणाऱ्याला क्षमा करणारे सामान! क्रिकेटमध्ये ही क्षमा फुकट मिळते. तिचे नाव हलकी बॅट.

आमच्या डोंबिवलीचे उदाहरण हवे तर आहे, आणि ते चांगले घसघशीत आहे. अजिंक्य रहाणे एस. व्ही. जोशी हायस्कूलचा मुलगा. वयाच्या सातव्या वर्षी वडिलांनी त्याला डोंबिवलीतल्याच एका साध्या शिबिरात घातले. तिथे मॅटिंगची खेळपट्टी होती. रिक्षाला पैसे नसत म्हणून आई एका हातावर धाकटे मूल आणि दुसऱ्या हातात याच्या सामानाची पिशवी घेऊन सरावाला चालत सोडायला जात असे, ही हकीकत त्याने स्वतःच सांगितली आहे. पुढे २०२० च्या डिसेंबरात, अॅडलेडला आपला सगळा संघ ३६ धावांत कोसळल्यानंतरच्या पुढच्याच कसोटीत, मेलबर्नला याच मुलाने कप्तान म्हणून शतक काढले. त्या पिशवीत कोणत्या कंपनीची बॅट होती, हा प्रश्न त्या शतकानंतर कोणी विचारला नाही. चालणाऱ्या आईची गोष्ट मात्र सगळ्यांनी सांगितली. आजचा बाप मुलाला बॅट आणून देतो आणि सरावाला ऑनलाइन बोलावलेल्या गाडीने एकटा पाठवतो. रविवारी सामना असला की मोबाइलवर निकाल विचारतो. त्याच्या कामाचे तास मला ठाऊक आहेत. सकाळची सात-बावन्न, रात्री नवाला परत, दाराशी लटकून. वेळ देता येत नाही म्हणून वस्तू दिली जाते. त्यामागची माया खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण मुलाच्या हातात ती माया म्हणून पडत नाही, वजन म्हणून पडते.

आणि कल्याण! ४ आणि ५ जानेवारी २०१६ हे दोन दिवस कल्याणकर विसरले नसतील. प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेकडून नाबाद १००९ धावा काढल्या. १८९९ सालचा कॉलिन्सचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. मैदान लहान होते, समोरचे गोलंदाज कच्चे होते, असे तेव्हाही म्हटले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण हजार धावा काढण्यासाठी बॅट हातात फिरावी लागते, हेही खोटे नाही. त्याचे वडील रिक्षाचालक. सत्कार झाले, तेंडुलकरांनी स्वतःच्या सहीची बॅट भेट दिली, मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. दीड वर्षात मुलाच्या धावा आटल्या. २०१७ साली त्या वडिलांनी असोसिएशनला कळवले की सध्या त्याचा खेळ होत नाही, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवावी.

हे पत्र मला त्या हजार धावांहून मोठे वाटते. ती १००९ ची संख्याच त्या पोराच्या हातात पूर्ण मापाची बॅट होऊन बसली होती. गावाने दिलेली, वर्तमानपत्रांनी दिलेली. ती आता पेलत नाही हे ज्याने ओळखले आणि चालू पैसा थांबवून ती खाली ठेवायला मदत केली, तो बाप रिक्षा चालवीत होता. "चौदा हजारांची आणून दिली" म्हणणारे आपण पंख्याखाली बसणारे.

मुलींचेही सांगतो, थोडक्यात. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या सोसायटीतल्या तीन मुली बॅट मागू लागल्या. तिघींनाही घरातून मिळाली ती मोठ्या भावाची, माळ्यावरची, पूर्ण मापाची! भावाला जी पेलली नाही ती बहिणीला पेलेल, या तर्काला काय म्हणावे? काटकसर म्हणावी तर ही काटकसर दोन मुलांचा खेळ खाऊन झाली.

आता माझ्यावर एक आक्षेप येईल की, बाबा रे, तू बापांना झोडतोस. पण त्यांनी करावे तरी काय? मैदान आहे कुठे? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्या सगळ्या भांडणाचे मूळ इथेच आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना पाहत या. इमारतीच्या जाहिरातीत हिरवळ असते. इमारतीखाली मोटारी असतात. जी मैदाने आहेत त्यांवर दसऱ्याला सभा, दिवाळीला प्रदर्शन, मार्गशीर्षात लग्ने. आपण साहित्यवाले तरी कुठे मागे आहोत? फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे साहित्य संमेलन आपण डोंबिवलीत भरवले ते सावळाराम महाराज क्रीडा संकुलात. तीन दिवस कविता झाल्या, परिसंवाद झाले, पुस्तके खपली, मीही हिंडलो. मुले त्या तीन दिवसांत कुठे खेळली हे कोणत्याही परिसंवादात आले नाही. मैदान एकट्या बापाला विकत घेता येत नाही. त्यासाठी दहा बापांनी मिळून नगरसेवकाच्या दारात उभे राहावे लागते, आणि दहा बाप एकत्र येणे म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा. तिथे पार्किंगपलीकडे विषय जात नाही. बॅट मात्र एकट्याला घेता येते. हप्त्यानेही मिळते. म्हणून जे हवे ते सोडून आपण जे मिळते ते घेतो आणि मुलाच्या हातात देऊन म्हणतो, घे, खेळ. कुठे?

मला एवढेच सुचवायचे आहे, आणि ते अगदीच किरकोळ आहे. प्रत्येक सोसायटीत एक कपाट असावे. त्यात चार नंबरची, पाच नंबरची, सहा नंबरची आणि हॅरो मापाची अशा चार काश्मिरी बॅटी. दहा-बारा हजारांत चारी येतात. म्हणजे एका बापाच्या एका चुकीत. वहीत नाव लिहून न्यायची, उंची वाढली की परत करून पुढली न्यायची. डोंबिवलीत जुनी पुस्तके देऊन दुसरी न्यायचे मोठमोठे सोहळे होतात आणि शेकडो माणसे रांगा लावतात. पुस्तकाचे जमते ते बॅटीचे न जमायला काय झाले? मी आमच्या सोसायटीत हे मांडून पाहिले. एका गृहस्थांनी विचारले, "पण मग मुलाची स्वतःची म्हणून बॅट कोणती?" मी म्हटले, "जी उचलेल ती." ते रागावले आणि अजून जिन्यात भेटले की दुसरीकडे पाहतात.

तेव्हा धनत्रयोदशीला बाजारात जाण्याआधी स्टूल घेऊन माळ्यावर एकदा हात घाला. सतरंजीच्या मागे, मोडक्या पेटीच्या शेजारी, बहुतेक एक सापडेल. पाच किंवा सहा नंबरची असेल तर पुसून खालच्या मजल्यावरच्या मुलाला द्या. पूर्ण मापाची, पहिल्या प्रतीची, गोरीपान असेल तर तशीच राहू द्या. मुलाचे बाबा ती एखाद्या रविवारी रात्री घोडबंदरला घेऊन जातील. त्यांनाही ती जड होईल, पण ते घरी कोणाला सांगणार नाहीत.